चौदा दिवसांचं बिऱ्हाड

पत्र: काकू, नमस्कार. आम्ही मूळचे पुण्याचे, सात वर्षं लेस्टरमध्ये आहोत. मी आयटीत, बायको एका फार्मसीत. मुलगी सहा वर्षांची, घराजवळच्या शाळेत जाते. घरभाडं महिन्याला ११०० पौंड. गेल्या उन्हाळ्यात फॉक्सटनची लॉक्स (बोटी वरखाली नेणाऱ्या, दरवाजांच्या पाणपायऱ्या) बघायला गेलो आणि तेव्हापासून मला नॅरोबोटचं, कालव्यावरच्या त्या लांबट अरुंद बोटीचं, वेड लागलंय. २००४ सालची, ५७ फुटी एक बोट ४६ हजारांना विकायला आहे. ३० हजार साठलेत, बाकीचं कर्ज काढीन. मूरिंगचा (बोट बांधायच्या कायमच्या जागेचा) खर्च नको म्हणून लेस्टरच्या आसपासच कालव्यावर राहायचं आणि दर पंधरा दिवसांनी बोट थोडी पुढे सरकवायची, असा बेत आहे. पाच वर्षांत घराचं डिपॉझिट जमेल. बायको म्हणते, तुझं तू बघ. सर्वेचे (तज्ज्ञाकडून बोट तपासून घ्यायचे) सातशे पौंड सांगताहेत. तो खरंच लागतो का? मालक म्हणतो बोट ठणठणीत आहे, सर्टिफिकेट आहे. – एक वाचक, लेस्टर

नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या ‘थोडी’ या शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे. सर्वे, इंजिन, किंमत यावर पुढे बोलू. तुमचा अख्खा बेत त्या ‘थोडी’वर उभा आहे आणि नेमकी तीच वीट कच्ची आहे.

इंग्लंड-वेल्समधल्या बहुतेक कालव्यांचा कारभार २०१२ पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहे. बोटीला स्वतःचं मूरिंग नसेल, तर १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार ती खरोखर जलप्रवासासाठी वापरली जात असली पाहिजे आणि एका जागी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये. किती लांब जायचं ते कायदा सांगत नाही. ट्रस्टच्या मार्गदर्शक सूचना मात्र सांगतात की वर्षभरातला पल्ला २० मैलांपेक्षा कमी असेल तर आमचं समाधान होण्याची शक्यता कमी. दोन पुलांमध्ये मागेपुढे करत राहिलात तर तो प्रवास धरत नाहीत. आणि तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नोकरी आणि मुलांची शाळा ही जवळपास रेंगाळण्याची कारणं म्हणून ते मान्य करत नाहीत. त्यांची माणसं टोपाथवरून, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेवरून, हिंडत बोटींचे नंबर टिपत असतात. समाधान झालं नाही, तर वर्षाच्या ऐवजी सहाच महिन्यांचं लायसन्स देतात, मग तेही नाकारतात, आणि अगदी शेवटी बोट पाण्यातून उचलून नेण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. शिवाय बिनमूरिंगच्या बोटींना एप्रिल २०२४ पासून लायसन्सवर अधिभार लागतो. फुकटात राहायला मिळेल असं धरून चालू नका.

आता हे रोजच्या भाषेत कसं दिसतं बघा. बोट दक्षिणेला फॉक्सटनकडे नेलीत. कालव्यावर वेगमर्यादा ताशी चार मैल, बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू, नाहीतर त्यांच्या चुलीवरचा चहा सांडतो. आमचा ढोबळ हिशेब असा की एक मैल म्हणजे वीस मिनिटं आणि एक लॉक म्हणजे आणखी वीस मिनिटं. शनिवार-रविवार त्यात गेला. सोमवारी सकाळी मुलीला शाळेत सोडायचंय, तर गाडी कुठे आहे? मागच्या मुक्कामी. म्हणजे आदल्या संध्याकाळी तुम्ही टोपाथच्या चिखलातून सायकल हाणत गाडी आणायला जाणार. दर पंधरवड्याला, नोव्हेंबरात, साडेचारच्या अंधारात. उत्तरेला गेलात तर तिथे सोअर नदी आहे. लेस्टरपासून ट्रेंटपर्यंतचा बराचसा जलमार्ग नदीतूनच जातो आणि हिवाळ्यात ती फुगते. पाणी चढलं की बोट हलवायचीच नसते. पातळीच्या पाटीवर लाल पट्टा आला की निमूट दोर ढिले-घट्ट करत बसायचं. अशा वेळी ट्रस्टही थांबू देतं, पण शाळा थांबत नाही.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, ते विंचवाला शोभतं, कारण त्याला लेकरू शाळेत पोचवायचं नसतं.

गावाकडे मी पहिल्यांदा सांगितलं होतं की आम्ही कालव्यावर बोट घेतोय, तेव्हा दादांनी विचारलं होतं, “आवर्तन कधी सुटतं?” त्यांच्या डोळ्यांसमोर पाटबंधारे खात्याचा कालवा. तेव्हा आम्ही खूप हसलो. पण २०२५ च्या कोरड्या उन्हाळ्यात लीड्स-लिव्हरपूल कालव्याचे लांबच लांब तुकडे पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, तेव्हा दादांची आठवण झाली. एक साधं सात फूट रुंद लॉक एकदा भरून रिकामं करायला लाखाच्या वर लिटर पाणी खाली जातं, आणि ते वरच्या तलावांतूनच यावं लागतं. उन्हाळ्यात हे, आणि नोव्हेंबर ते मार्च लॉकच्या दरवाजांच्या दुरुस्त्या. नकाशावर रस्ता मोकळा दिसतो म्हणून तो मोकळा असतोच असं नाही.

पैशांचं एकदा पाटी-पेन्सिल घेऊन करू. आमची बोट ५० फुटी. गेल्या वर्षी लायसन्स, मूरिंग, विमा, डिझेल, कोळसा आणि बॅटऱ्यांचा एक नवा संच मिळून साडेसहा हजार पौंडांच्या पुढे गेले, आणि ते ब्लॅकिंगचं (बुडाला काळा लेप द्यायचं) वर्ष नव्हतं. तुम्ही मूरिंग वाचवाल, पण आम्ही सुट्टीपुरते राहतो आणि तुम्ही तिघं रोज राहणार. कोळसा, गॅस, डिझेल आमच्या कितीतरी पट लागेल. तोच आकडा धरा. त्यावर १६ हजारांच्या कर्जाचे हप्ते, पाच वर्षांत फेडायचं तर वर्षाला साडेतीन-चार हजार. भाडं वाचलं १३,२०० आणि खर्च झाला दहाच्या वर. उरले तीन हजारांच्या आसपास, तेही इंजिनने काही मागितलं नाही तर. घराची किंमत चढते अशी आपल्या लोकांची श्रद्धा असते, पण पोलादी बोटीची किंमत वयाबरोबर उतरते. आणि अहो, हातातले ३० हजार हेच तर डिपॉझिट! ते पाण्यात घालून पुन्हा डिपॉझिट साठवायला निघालात.

तेव्हा या बोटीवर बिऱ्हाड करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलगी कॉलेजात गेल्यावर करा, मी स्वतः दोर धरायला येईन.

पण वेड लागलंय ना, ते मला समजतं. बोट घ्यायचीच असेल, आज किंवा चार वर्षांनी, तर सर्वे हवाच. मालकाने दाखवलेलं सर्टिफिकेट म्हणजे बोट सेफ्टी स्कीमचं, चार वर्षांनी निघणारं. ते गाडीच्या एमओटीसारखं, इथल्या सुरक्षा-तपासणीसारखं असतं. गॅसची जोडणी, डिझेलच्या नळ्या, वायरिंग, आगीची काळजी, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म एवढं ते तपासतात. बोटीचं बूड किती जाड उरलंय हे त्यात येतच नाही. बोट पाण्यात असताना कुणाला दिसणार?

नॅरोबोट विकणारे “दहा-सहा-चार” म्हणतात. म्हणजे तळाचा पत्रा १० मिलिमीटर, बाजूचा ६, वरच्या केबिनचा ४. हे नव्या बोटीचं झालं. वीस वर्षांनी पाण्याच्या रेषेपाशी आणि तळाच्या कडेला गंजाचे खड्डे पडतात. सर्वेअर बोट वर काढायला लावतो आणि हातोडी व अल्ट्रासाउंडचं यंत्र घेऊन वीतवीत अंतरावर जाडी मोजतो. कुठे ४ मिलिमीटरच्या खाली आकडा गेला की बहुतेक विमा कंपन्या नाकं मुरडतात, मग वरून नवा पत्रा जोडा म्हणतात, आणि तो खर्च हजारांत जातो. सातशे पौंडांत हे कळत असेल तर ते स्वस्त आहे. सर्वेअर मात्र तुमचा तुम्ही शोधा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. आणखी एक. गाडीला जशी लॉगबुकाची नोंद असते तशी मालकीची सक्तीची नोंद इथल्या बोटींना नाही. म्हणून आधीच्या विक्रीच्या पावत्या मागा, ट्रस्टचा नंबर लायसन्सशी ताडून बघा, बोटीवर कुणाचं कर्ज नाही ना ते विचारा.

माझे आजोबा देवगडकडचे. पावसाळ्याआधी होडी वर ओढून, शाकारून ठेवायचे आणि नारळी पौर्णिमेआधी तिला डांबर-तेल पाजायचे. पहिल्यांदा ब्लॅकिंगला बोट वर काढली तेव्हा तोच वास आला आणि मी ब्रश हातात घेऊन उगाच डोळे पुसत उभी राहिले. इथेही तेच, डांबरासारखंच काळं बिट्युमेन. दोन-तीन वर्षांनी एकदा, आधी दाबाच्या पाण्याने शेवाळ खरवडून. दोन भाग मिसळून लावायचं इपॉक्सी महाग पडतं पण जास्त वर्षं टिकतं. त्याच वेळी बुडाला जोडलेले मॅग्नेशियमचे अॅनोड बघायचे. पोलादाच्या आधी स्वतः झिजायचं एवढंच त्यांचं काम. अर्धे झिजलेले दिसले तर आनंद माना. जसेच्या तसे कोरे दिसले तर काळजी करा, ते काम करत नव्हते. मरिनात (बोटी बांधायच्या धक्क्यात) विजेची जोडणी कायम लावून ठेवणार असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर आहे का तेही बघा. नाहीतर शेजाऱ्याच्या बोटीसाठी तुमचा पत्रा झिजतो.

इंजिनाचं फार अवडंबर नाही. रोज सकाळी तेल-पाणी बघायचं, साधारण अडीचशे तासांनी तेल बदलायचं, थंडीआधी अँटिफ्रीझ आणि पाण्याच्या नळ्या रिकाम्या. दिवसाचा प्रवास संपला की स्टर्न ग्लँडच्या ग्रीसची कळ एक-दोन फेरे फिरवायची. प्रोपेलरचा दांडा बोटीतून बाहेर पडतो तिथून पाणी आत ठिबकू नये म्हणून. हे विसरणारे विसरतात आणि मग बिल्जमध्ये, बोटीच्या तळाच्या पोकळीत, पाणी का म्हणून विचारतात.

आता साडीची गोष्ट. सात वर्षांपूर्वी तुमच्याच गावातून जात होतो. टिलर (सुकाणूचा दांडा) थरथरायला लागला, मागून काळा धूर. प्रोपेलरला काहीतरी गुंडाळलंय हे कळलं. इंजिन बंद करायचं, किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकायची (ही किल्लीची गोष्ट घोकून ठेवा), मागची वीड हॅच (प्रोपेलरवरची झाकणाची खिडकी) उघडायची आणि दंडापर्यंत हात थंडगार पाण्यात घालायचा. सुरीने कापत कापत अर्धा तास मी बाहेर ओढत होते. जांभळी, जरीच्या काठांची साडी. कुणी सोडलेली की कुणाच्या दोरीवरून उडालेली, देव जाणे. पाचवारी होती की नऊवारी ते शेवटपर्यंत कळलं नाही. ‘हे’ वरून विचारत होते, पदर सापडला का.

हसण्याच्या नादात मी हॅचचं झाकण ठेवलं आणि त्याचा स्क्रू पिळायचा राहिला. प्रोपेलर फिरायला लागला की त्या भोकातून पाणी उसळून आत येतं. दहा मिनिटांत इंजिनखाली वीतभर पाणी. बिल्ज पंप चालू होता म्हणून वाचलो. बोटी बुडण्याचं हे अगदी ठरलेलं कारण आहे. म्हणून तुम्ही बघायला जाल तेव्हा त्या बोटीचं झाकण नीट बसतं का, त्याच्या खालचं रबर वाळलेलं नाही ना, हे स्वतः हाताने बघा. मालक हसला तर हसू दे.

दुसरं ठरलेलं कारण लॉकमध्ये आहे. लॉक उतरताना पाणी खाली जातं आणि वरच्या दरवाजापाशी, पाण्याखाली लपलेला दगडी उंबरठा उघडा पडतो. त्याला सिल म्हणतात. बोटीचा मागचा भाग त्यावर अडकला की मागची बाजू वर राहते, पुढची पाण्याबरोबर खाली जाते, आणि मग काही मिनिटांचा खेळ. भिंतीवर पांढरी रेघ असते, तिच्या पुढे राहायचं. फॉक्सटनहून लेस्टरकडे येताना तुम्ही उतरतच असता. खालची लॉक्स चौदा फूट रुंद, दरवाजे जड, आणि एकटी सात फुटी नॅरोबोट आत झोके खाते. त्यामुळे टिलरवरच्या माणसाने फोन बघायचा नाही आणि पॅडल (लॉकमधलं पाणी सोडायची झडप) उघडणाऱ्याने बोटीवरून नजर हलवायची नाही. काहीही विचित्र वाटलं तर आधी पॅडल बंद, प्रश्न नंतर. फॉक्सटनच्या त्या दहा पायऱ्यांवर आधी लाल पॅडल, मग पांढरं. उलट केलंत तर वरचं पाणी खालच्या खोलीत मावत नाही आणि टोपाथवर येतं. हंगामात तिथे स्वयंसेवक असतात, त्यांचं ऐका. मुलीला लॉकपाशी लाइफ जॅकेट, वाद न घालता.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले तिकडे वळते. तुमच्या शंभरेक शब्दांच्या पत्रात तुमच्या पत्नीला एक वाक्य मिळालंय. “तुझं तू बघ.” मी चाळीस वर्षं संसार केलाय. याचा अर्थ ‘हो’ असा होत नाही.

सहा फूट रुंद केबिनमध्ये काय होतं ते त्यांना बहुधा दिसतंय आणि तुम्हाला दिसत नाही. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या की खिडक्यांवरून पाणी ओघळतं. फोडणीचा वास उशीत शिरतो, आणि त्याच उशीवरून उठून त्यांना फार्मसीत काउंटरला उभं राहायचंय. तिघांची टॉयलेटची कॅसेट दोन-तीन दिवसांत भरते आणि ती उचलून एल्सान पॉइंटवर ओतायला कोण जाणार याची वाटणी तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. डिसेंबरात सोलर नावापुरतं. बॅटऱ्या भरायला इंजिन तासन् तास चालवायचं, आणि रात्री आठ ते सकाळी आठ ते चालवायचं नाही असा नियम. तुमचं ऑफिसचं काम कोणत्या विजेवर? सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले तर कुठे झोपणार?

आणि एक निरीक्षण, रागावू नका. कालव्यावरच्या दहांतल्या आठ बोटींवर नवरा हॅट घालून टिलर धरून उभा असतो आणि बायको विंडलास (पॅडल फिरवायचा दांडा) घेऊन धावत, ढोपराने दरवाजे ढकलत असते. आमच्याकडेही पहिली तीन वर्षं तेच. मग एकदा यांचा खांदा धरला आणि टिलर माझ्या हाती आला. डावीकडे ढकला, बोट उजवीकडे जाते. ब्रेक नाही, रिव्हर्सला अंतर लागतं. समोरून बोट आली तर आपण उजवीकडे. दोन दिवसांत जमलं. बोट ‘आमची’ झाली ती त्या आठवड्यात. त्याआधी मी यांच्या छंदाची हमाल होते.

म्हणून आता विकत काही घेऊ नका. ऑक्टोबरच्या हाफ टर्ममध्ये, शाळेच्या मधल्या सुट्टीत, एक बोट भाड्याने घ्या, चार रात्रींसाठी. जुलैत नको, जुलैत कुणालाही बोट आवडते. चालवायला लायसन्स लागत नाही, बोटवाले तासभर शिकवतात. त्यात दोन दिवस टिलर पत्नीकडे आणि लॉक्स तुमच्याकडे. कॅसेट तुम्ही रिकामी करायची. कोळशाची चूल रात्रभर धुमसत ठेवायची आणि पहाटे विझली तर तुम्ही उठायचं. एक दिवस पावसात जायलाच हवं, आणि पाऊस येईलच.

त्यानंतरही दोघांना हवीशी वाटली, तर छोटी बोट बघा, ४०-४५ फुटांची, मूरिंगसकट, सुट्टीसाठी. मार्केट हार्बरोच्या बाजूला जागा मिळू शकेल. किंवा पाच-सहा कुटुंबांनी मिळून घेतलेल्या बोटीत वाटा. वर्षातले काही आठवडे आपले, ब्लॅकिंगचं बिल वाटून. आपल्या लोकांना भागीदारी म्हटलं की भाऊबंदकी आठवते, पण इथे ती बऱ्यापैकी चालते. त्या ४६ हजारांच्या मालकाला सांगा, सर्वेशिवाय बोलणार नाही. तो टाळाटाळ करू लागला तर तुमचे सातशे पौंड वाचले.

हाफ टर्म झाल्यावर मला दोन ओळी पाठवा. तुम्ही नको. त्यांना लिहू दे.